शत्रूला चेहरा कोण देतं?

१९३८ च्या उन्हाळ्यात मॉस्कोजवळच्या एका मैदानावर बर्फ अंथरायचं काम चाललं होतं. सर्गेई आयझेनस्टाइन 'अलेक्झांडर नेव्हस्की' हा चित्रपट करत होता. गोष्ट १२४२ सालची. जर्मन ट्यूटॉनिक सरदारांच्या फौजेला रशियन राजपुत्र अलेक्झांडर गोठलेल्या पेइपस सरोवरावर गाठतो आणि धूळ चारतो. हिवाळ्यापर्यंत थांबायला सवड नव्हती. मग मैदान सपाट करून त्यावर खडू, मीठ आणि काच यांचा पांढरा थर दिला गेला. आकाश थंड आणि जड दिसावं म्हणून छायालेखक एदुआर्द तिस्सेने कॅमेऱ्यावर फिल्टर चढवले. सिनेमाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली हिवाळी लढाई अशी भर उन्हात उभी राहिली.

त्या लढाईचा दृश्यखंड जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे आणि इतक्या वर्षांनीही तो बघताना छाती धडधडते. पण माझं लक्ष दरवेळी तलवारींवरून सरकून शिरस्त्राणांवर जातं. जर्मन सरदारांची शिरस्त्राणं पूर्ण चेहरा झाकणारी आहेत. डोळ्यांच्या जागी फक्त चीर. त्यांच्या माथ्यावर शिंगं आहेत, पंजे आहेत, पण खाली माणूस आहे याची खूण नाही. रशियन सैनिकांची शिरस्त्राणं मात्र उघडी. त्यांच्या दाढ्या दिसतात, हसू दिसतं, धाप लागलेली दिसते. एक अक्षरही न बोलता प्रेक्षकाला कळतं की इकडे माणसं आहेत आणि तिकडे लोखंड.

संगीतकार सर्गेई प्रोकोफिएवने याच्याही पुढची मजल मारली. सरदारांच्या तुताऱ्यांचा आवाज रशियन कानाला नकोसा वाटला पाहिजे, असं त्याने ठरवलं. ध्वनिमुद्रणात त्याने पितळी वाद्यं थेट मायक्रोफोनच्या तोंडाशी वाजवायला लावली. त्या काळचा मायक्रोफोन इतका दाब सोसू शकत नसे. आवाज फाटायचा, करकरायचा. एरवी कुठलाही ध्वनिमुद्रक ज्याला दोष म्हणून पुसून टाकेल तोच दोष इथे शत्रूचा आवाज झाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो. द्वेषाची भावना एका यंत्राच्या मर्यादेतून काढता येते, ही कल्पनाच केवढी विलक्षण आहे!

पुढची हकिकत आणखी विलक्षण आहे. चित्रपट १९३८ च्या डिसेंबरात लागला आणि तुफान चालला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टालिन आणि हिटलर यांनी अनाक्रमणाचा करार केला, आणि 'नेव्हस्की' थिएटरांमधून गायब झाला, कारण जर्मन आता शत्रू उरले नव्हते. १९४० मध्ये तर आयझेनस्टाइननेच मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात वॅग्नरच्या जर्मन ऑपेराचा प्रयोग बसवला. जून १९४१ मध्ये हिटलरच्या फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या आणि चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. चौकट तीच, शिरस्त्राणं तीच, करकरणाऱ्या तुताऱ्या त्याच. अडीच वर्षांत एकच रीळ राष्ट्रकार्य ठरलं, अडचणीचं ठरलं आणि पुन्हा राष्ट्रकार्य ठरलं.

युद्धपट बघताना आपण कथेकडे बघतो. कोण जिंकलं, कोण मेलं, कुणी कुणाला पाठीवर घेऊन आणलं. पण पडद्यावरचा शत्रू घडतो तो बहुतेक वेळा कथेच्या बाहेर: वेशभूषाकाराच्या टेबलावर, संकलकाच्या कात्रीखाली, उपशीर्षकं लिहिणाऱ्याच्या वहीत. कुणाचा चेहरा जवळून दाखवायचा, कुणाचं बोलणं प्रेक्षकाला समजू द्यायचं, कुणाच्या मरणावर वाद्यं वाजवायची, एवढे दोनतीन निर्णय फिरवले की देव आणि दानव जागा बदलतात. शंभर वर्षांहून अधिक काळ दिग्दर्शक हे निर्णय घेत आलेत, आणि त्यांतले काही इतके सूक्ष्म आहेत की ते समजल्यावर जुना चित्रपट नव्याने दिसू लागतो.

सुरुवातीला मुळात प्रश्न वेगळाच होता. लढाई दिसतच नव्हती.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्यातले सुमारे ५७,००० जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले, त्यांतले १९,००० हून अधिक मृत्युमुखी पडले. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोन कॅमेरामन तिथे हजर होते. त्यांच्याकडचे कॅमेरे जड, तिकाटण्यावर ठेवून हाताने फिरवायचे. खंदकाबाहेर डोकं काढलं तर गोळी. मॅलिन्सने हॉथॉर्न टेकडीखालच्या प्रचंड सुरुंगाचा स्फोट खरोखर टिपला. जमीन फुगते, वर उसळते, आणि पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. पण प्रत्यक्ष हल्ला? लांबवर ठिपक्यांसारखी माणसं आणि धूर. ज्या दिवशी हजारो माणसं मेली त्या दिवसाचं खरं चित्र जवळजवळ रिकामं निघालं. आधुनिक लढाईचा हा गुणधर्मच आहे. माणसं जमिनीत लपलेली असतात, मारणारी तोफ कित्येक मैल मागे असते आणि मारणाऱ्याला मरणारा दिसत नाही.

म्हणून 'द बॅटल ऑफ द सोम' या चित्रपटातलं सर्वांत प्रसिद्ध दृश्य, सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतले एकदोन तिथेच घसरून पडतात, ते आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी रचून घेतलेलं आहे असं अभ्यासक मानतात. खूण सोपी आहे. कॅमेरा जिथे उभा आहे तिथे खऱ्या हल्ल्यात उभं राहणं शक्यच नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये, लढाई अजून चालू असताना, चित्रपट ब्रिटनमध्ये लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी तिकिटं खपली असा अंदाज आहे. पडणाऱ्या सैनिकांना पाहून थिएटरात लोक किंचाळले. खरे मृतदेहही त्या चित्रपटात आहेत, पण काळजाला भिडलं ते रचलेलं मरण. या विरोधाभासाचं आश्चर्य मला कधी ओसरत नाही, कारण पुढच्या सगळ्या युद्धपटांचं बीज तिथे आहे. खरी लढाई डोळ्यांना कळत नाही, म्हणून सिनेमाला ती कळेल अशी बनवावी लागते.

ती कळावी म्हणून दिशा ठरवावी लागते. एक फौज पडद्यावर डावीकडून उजवीकडे निघाली की दुसरी उजवीकडून डावीकडे आली पाहिजे. कॅमेऱ्याने दोघांमधली अदृश्य रेषा ओलांडली तर प्रेक्षकाला वाटेल सैनिक पळून चाललेत. बंदूक झाडणारा आणि कोसळणारा हे बहुतेक वेळा एकाच चौकटीत नसतात. एकाचं चित्रण सोमवारी झालेलं असतं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात, कदाचित दुसऱ्याच देशात. दोन तुकडे शेजारी चिकटवले की आपलं मन मधली गोळी स्वतः घालतं. शत्रुत्व असं जोडणीतून जन्माला येतं.

सोमच्या त्या चित्रपटात एक गोष्ट मात्र अगदी साधेपणाने आली आहे. जर्मन युद्धकैदी दिसतात, थकलेले, चिखलाने माखलेले. ब्रिटिश सैनिक त्यांना पाणी देतात, सिगरेट देतात. युद्ध ऐन भरात असताना, सरकारी परवानगीने बनलेल्या चित्रपटात, शत्रू कॅमेऱ्याकडे बघतो आणि तो थेट माणूस दिसतो. तो चेहरा कुणी मुद्दाम घडवला नव्हता. कॅमेरा जवळ होता, एवढंच.

या जवळ असण्याची ताकद काय असते ते १९३० मध्ये लुइस माइलस्टोनने दाखवलं. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा अमेरिकन चित्रपट, एरिक मारिया रेमार्कच्या कादंबरीवरचा, आणि त्याचे नायक जर्मन सैनिक. युद्ध संपून जेमतेम बारा वर्षं झालेली. ज्या जर्मनांशी अमेरिका लढली होती त्यांच्याच खंदकात अमेरिकन प्रेक्षकाला बसवलं गेलं. मशीनगनच्या मागून आपण बघतो, कॅमेरा सरकत जातो आणि धावत येणारे फ्रेंच सैनिक ओळीने कोसळतात. त्या क्षणी ते नुसते आकार आहेत. मग थोड्या वेळाने नायक पाउल एका तोफगोळ्याच्या खड्ड्यात अडकतो, वरून उडी मारणाऱ्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि त्या मरणाऱ्या माणसाबरोबर रात्र काढतो. त्याला पाणी पाजतो, माफी मागतो, त्याच्या खिशातून बायकोचा आणि मुलीचा फोटो काढतो. कागदपत्रांतून शत्रूचं नावही कळतं. अंतर शंभर मीटरवरून एका हातावर आलं आणि आकाराचा माणूस झाला.

त्या फ्रेंच सैनिकाची भूमिका रेमंड ग्रिफिथने केली होती. मूकपटांच्या जमान्यातला हा मोठा विनोदी नट. त्याचा आवाज गेलेला होता, घोगऱ्या कुजबुजीपलीकडे काही निघत नसे. बोलपट आले आणि त्याची नटाची कारकीर्द संपली. पडद्यावरची त्याची ही शेवटची भूमिका, आणि तीत त्याला एक शब्द बोलायचा नाही. ज्या माणसाला आवाज उरला नव्हता त्याच्या नुसत्या डोळ्यांनी शत्रू हा प्रकारच काही मिनिटांसाठी पुसून टाकला. पाउल झालेल्या ल्यू एअर्सवरही या चित्रपटाचा खोल परिणाम झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला, त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला आणि मग वैद्यकीय सेवक म्हणून पॅसिफिकच्या आघाडीवर जखमींची शुश्रूषा केली.

बर्लिनमध्ये डिसेंबर १९३० मध्ये हा चित्रपट लागला तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी थिएटरात दुर्गंधी पसरवणारे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले. काही दिवसांतच चित्रपटावर बंदी आली. शत्रूला माणूस म्हणून पाहणं किती स्फोटक असतं हे त्यांना नेमकं कळलेलं होतं.

आणि सिनेमाचं हत्यार कसं वापरायचं हेही. लेनी रीफेनश्टालच्या 'ट्रायम्फ ऑफ द विल' मध्ये हिटलरच्या मेळाव्याचं भव्य, जवळजवळ धार्मिक दर्शन आहे. अमेरिकेच्या सैन्याने फ्रँक काप्रावर प्रचारपटांची मालिका सोपवली तेव्हा त्याने तो चित्रपट पाहिला आणि हादरला. मग त्याने एक अफलातून युक्ती केली. शत्रूचीच दृश्यं घेतली आणि त्यांवर स्वतःचं निवेदन घातलं. ज्या रांगा जर्मन प्रेक्षकाला एकजुटीचं सौंदर्य वाटत होत्या त्याच रांगा अमेरिकन सैनिकाला गुलामीचं यंत्र वाटू लागल्या. चित्रात एका रेषेचाही फरक नव्हता, फक्त आवाज वेगळा होता.

काप्राच्या नावावरच 'नो युअर एनिमी: जपान' हाही चित्रपट आहे आणि तो आज बघवत नाही. साऱ्या जपानी माणसांना तो एकाच साच्यातल्या प्रती ठरवतो. ९ ऑगस्ट १९४५ ला, नागासाकीवर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी तो बाहेर पडला आणि काही आठवड्यांतच मागे घेतला गेला. युद्ध संपलं होतं, आता याच लोकांबरोबर कारभार करायचा होता.

युद्धाच्या वर्षांत हॉलिवूडपुढे एक चमत्कारिक अडचण होती. पडद्यावर जपानी खलनायक हवे होते, पण अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना सरकारने घरादारातून उठवून छावण्यांत डांबलं होतं. मग जपानी अधिकाऱ्यांच्या भूमिका चिनी आणि कोरियन वंशाच्या नटांकडे गेल्या. रिचर्ड लू हे त्यांतलं गाजलेलं नाव, फिलिप आन हे दुसरं. फिलिप आनचे वडील आन चांग-हो हे कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे थोर नेते. जपानी तुरुंगवासाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १९३८ मध्ये ते वारले. त्यांचा मुलगा जपानी गणवेश चढवून पडद्यावर क्रूर हसत होता. प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. शत्रूचा चेहरा इथे शत्रूच्याच पीडिताचा होता. प्रत्येक वेळी मेकअपच्या आरशासमोर बसताना या नटाच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

चेहऱ्यानंतर भाषा. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९९८ च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' मधली ओमाहा किनाऱ्याची सुमारे २५ मिनिटं सगळ्यांना आठवतात. नॉर्मंडीचा तो किनारा पडद्यावर आहे आयर्लंडमधल्या वेक्सफर्डजवळचा. तिथे जे घडतं ते इतकं खरं का वाटतं, याचं एक उत्तर शुद्ध भौतिकशास्त्रात आहे. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. त्याच्या आत एक फिरती तबकडी असते आणि तिची खाच साधारणतः अर्धी, म्हणजे १८० अंश, उघडी असते. त्यामुळे प्रत्येक चित्रावर सेकंदाच्या ४८ व्या भागाइतका वेळ प्रकाश पडतो. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू जराशी पुसट उमटते, आणि त्या पुसटपणामुळेच आपल्याला हालचाल सलग, मऊ वाटते. छायालेखक यानुश कमिन्स्कीने ती खाच ९० आणि ४५ अंशांपर्यंत आवळली. ४५ अंशांना प्रकाश पडतो फक्त सेकंदाचा १९२ वा भाग. पुसटपणा नाहीसा होतो. उडालेल्या वाळूचा कण न् कण धारदार दिसतो आणि माणसांची हालचाल तुटक, झटके देत पुढे सरकते. आपल्या मेंदूला ती अवस्था घाबरलेल्या माणसाच्या नजरेसारखी वाटते. शिवाय भिंगांवरचा संरक्षक लेप काढला, म्हणून प्रकाश विस्कटतो. आणि त्या अख्ख्या हल्ल्यात पार्श्वसंगीत नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना त्याला गप्प ठेवणं, हा निर्णय मला कॅमेऱ्याइतकाच धाडसी वाटतो.

पण मला सांगायचं आहे ते याच्या नंतरचं. किनारा सर झाल्यावर दोन सैनिक हात वर करून बाहेर येतात, काहीतरी काकुळतीने बोलतात आणि अमेरिकन सैनिक त्यांना हसत गोळ्या घालतात. त्या बोलण्याला उपशीर्षक नाही. जगभरच्या बहुसंख्य प्रेक्षकांनी ते जर्मन समजून सोडून दिलं. ते दोघे चेक भाषेत बोलतात. आपण जर्मन नाही, चेक आहोत, कुणाला मारलेलं नाही, गोळी घालू नका, असं ते सांगत असतात. जर्मन सैन्यात व्यापलेल्या देशांतली अशी जबरदस्तीने भरती केलेली माणसं खरोखर होती. स्पीलबर्गने ही माहिती पडद्यावर ठेवली, फक्त किल्ली दिली नाही. प्राग किंवा बर्नोमधला प्रेक्षक त्या क्षणी वेगळाच चित्रपट बघत असतो. एका ओळीचा अनुवाद गाळला, आणि थिएटरातले आपण सगळे गोळी घालणाऱ्या त्या सैनिकांइतकेच अजाण होऊन बसलो.

त्याच ओमाहा प्रसंगात स्फोटानंतर चित्रपटाचा नायक कॅप्टन मिलर याचे कान बधिर होतात आणि आपलेही. ही कल्पना त्याआधी एलेम क्लिमोवने १९८५ च्या 'कम अँड सी' मध्ये फार भयंकर ताकदीने वापरली होती. बेलारूसच्या जंगलात बॉम्ब पडतात, पोरसवदा फ्लोरियाचे कान जातात आणि कितीतरी वेळ आपण त्याच्या कानातल्या घुमण्यातून जग ऐकतो. त्याच वर्षी अकिरा कुरोसावाने 'रान' मध्ये अख्खा किल्ला पडताना सगळे आवाज काढून टाकले. बाण, किंकाळ्या, आग, काही ऐकू येत नाही. फक्त तोरू ताकेमित्सूचं शोकाकुल संगीत. मग एक बंदूक वाजते आणि जगाचा आवाज परत येतो. ज्या क्षणी आवाज नसतो त्या क्षणी बाजूही नसतात, कारण मरणारा आपला की परका हे बघणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

संगीताचं सर्वांत धारदार उदाहरण मात्र 'द बॅटल ऑफ अल्जीयर्स' मध्ये आहे. जिल्लो पोंतेकोर्वोने तो १९६६ मध्ये केला, फ्रान्सविरुद्धच्या अल्जीरियन स्वातंत्र्ययुद्धावर, त्याच गल्ल्यांमध्ये, बहुतेक सगळे साधे रहिवासी नट म्हणून घेऊन. बंडखोरांचा एक म्होरक्या सादी यासेफ याने खऱ्या आयुष्यातल्या आपल्यासारखीच भूमिका स्वतः केली. बातमीपटाचा एकही तुकडा न वापरता चित्रपट बातमीपटासारखा दिसतो. रात्रीच्या स्फोटात कासबा वस्तीतली घरं कोसळतात, ढिगाऱ्यातून मुलांचे देह निघतात आणि एक संथ, चर्चमध्ये वाजावी तशी सुरावट सुरू होते. पुढे अल्जीरियन बायका युरोपियन उपाहारगृहांत बॉम्ब ठेवतात. ठेवण्याआधी कॅमेरा तिथल्या चेहऱ्यांवरून फिरतो, त्यात आइस्क्रीम खाणारं एक लहान मूलही आहे. स्फोट होतो, आणि तीच सुरावट पुन्हा वाजते. पोंतेकोर्वोची सहानुभूती कुणाच्या बाजूला आहे यात तिळमात्र शंका नाही. तरीही दोन्हीकडच्या मेलेल्यांना त्याने एकच शोकसंगीत दिलं. मला वाटतं, पडद्यावर शत्रूला याहून मोठा न्याय कुणी दिलेला नाही.

आपल्याकडे येऊ. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' केला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी कोटणीसांची भूमिका केली, जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी पत्नीची. त्या चित्रपटात चिनी माणूस म्हणजे सोसणारा, प्रेमळ, धीराचा. शत्रू जपानी.

अठरा वर्षांनी, १९६४ मध्ये, चेतन आनंद यांचा 'हकीकत' आला. लडाखच्या उघड्या डोंगरांत चित्रित झालेला, १९६२ च्या पराभवाची जखम अजून ओली असतानाचा. आता चिनी माणूस समोरच्या कड्यावर होता. 'हकीकत' मध्ये जवळून दिसतात ते आपले जवान: बर्फात अडकलेले, घरच्या पत्रांची वाट बघणारे. चिनी सैनिक प्रामुख्याने संख्या म्हणून येतात. दोन्ही दिग्दर्शक मनापासून बोलत होते, दोघांच्या काळाने त्यांना तसं बघायला लावलं. सोलापूरच्या ज्या प्रेक्षकाने ऐन पंचविशीत पहिला चित्रपट पाहून डोळे पुसले असतील त्यानेच त्रेचाळिसाव्या वर्षी दुसरा पाहून मुठी आवळल्या असतील. एका माणसाच्या उमेदीत चिनी चेहऱ्याचा अर्थ पूर्ण उलटला.

जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' १९९७ चा. डिसेंबर १९७१, राजस्थानातलं लोंगेवाला ठाणं. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जणांनी पाकिस्तानी रणगाड्यांच्या ताफ्याला रात्रभर अडवलं. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती. पहाट होताच ती आली आणि वाळवंटात रणगाड्यांची दाणादाण उडाली. या विजयाची सर्वांत अचंबित करणारी बाजू ही, की आपल्या बाजूची प्राणहानी अत्यंत कमी होती. चित्रपटात मात्र एकामागून एक जवान धारातीर्थी पडतात. त्यांतल्या काहींच्या मागची खरी माणसं त्या रात्रीतून सुखरूप बाहेर आली होती. सुनील शेट्टीने साकारलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग २०२२ पर्यंत हयात होते. हे असं का करावं लागलं असेल? मला याचं उत्तर शत्रूच्या बिनचेहरेपणात दिसतं. समोर फक्त रणगाडे असतील तर त्यांच्या जळण्याने प्रेक्षकाच्या मनात काही हलत नाही. लढाईचं वजन मग सगळं आपल्या माणसांच्या मरणावर येऊन पडतं. कमी रक्त सांडून मिळालेला शहाणा विजय पडद्यावर दाखवायला सर्वांत अवघड आहे. आणि तरीही त्याच चित्रपटाचं शेवटचं गाणं शत्रूला भाऊ म्हणून हाक मारतं. तीन तास तोफा धडाडल्यावर दिग्दर्शकाला ते म्हणावंसं वाटलं, आणि भारतभर लोकांनी ते थिएटरात बसून ऐकून घेतलं, याचं मला अप्रूप वाटतं.

ख्रिस्तोफर नोलनच्या २०१७ च्या 'डंकर्क' मध्ये तर जर्मन जवळजवळ दिसतच नाहीत. गोळ्या येतात, विमानं येतात, अगदी शेवटी काही धूसर आकृत्या. सुरुवातीच्या मजकुरातही नुसता 'शत्रू' असा उल्लेख आहे. शत्रू हवामानासारखा सर्वत्र पसरतो आणि त्यामुळे भीती कितीतरी पट वाढते. पण डंकर्कच्या किनाऱ्यावर आणखी काही माणसं होती जी पडद्यावर नाहीत. ब्रिटिशांच्या भारतीय सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या त्या वेळी फ्रान्समध्ये होत्या आणि त्यांतले जवान डंकर्कहून परतले. चौकटीबाहेर ठेवण्याचं सामर्थ्य शत्रूपुरतं मर्यादित नसतं, ते आपल्याच बाजूच्या माणसांनाही नाहीसं करू शकतं.

या सगळ्याचा सर्वांत मोठा प्रयोग क्लिंट ईस्टवुडने २००६ मध्ये केला. इवो जिमा हे पॅसिफिकमधलं ज्वालामुखीचं छोटं बेट. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये तिथे सुमारे ६,८०० अमेरिकन मेले आणि बेटावरच्या सुमारे २१,००० जपानी सैनिकांपैकी फारच थोडे जिवंत सापडले. ईस्टवुड आधी अमेरिकन सैनिकांवरचा 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' करायला निघाला होता. त्याची तयारी करताना जपानी सेनापती तादामिची कुरिबायाशी याने आपल्या मुलाला लिहिलेली, चित्रं काढलेली पत्रं त्याच्या हाती आली. त्याने दुसरा चित्रपटही करायचं ठरवलं: तीच लढाई, पलीकडून, जपानी भाषेत, जपानी नटांसह. 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा'.

हे दोन्ही एकामागून एक बघावेत, याच क्रमाने. पहिल्यात काळ्या वाळूवर अमेरिकन तरुण कोसळतात आणि गोळ्या येतात त्या डोंगरातल्या भोकांमधून. भोकामागे कोण आहे ते दिसत नाही. दुसऱ्यात आपण त्या भोकाच्या आत असतो. कुरिबायाशीने खणून घेतलेल्या, सुमारे १८ किलोमीटर लांब भुयारांच्या अंधारात, तहानलेल्या, हगवणीने हैराण झालेल्या पोरांबरोबर. आता बिनचेहऱ्याचे झाले आहेत ते अमेरिकन. किनारा बदललेला नाही, तारीख बदललेली नाही, कॅमेरा फक्त काही शे मीटर सरकला आहे.

मग एक जखमी अमेरिकन सैनिक जपान्यांच्या हाती लागतो. त्याची चौकशी करतो तो बॅरन निशी, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्णपदक मिळवलेला, इंग्रजी येणारा अधिकारी. सैनिक मरतो. निशी त्याच्या खिशातलं आईचं पत्र जपानीत वाचून दाखवतो. त्यात काहीही विशेष नाही, घरच्या कुत्र्यांची खबर, सांभाळून राहा, नीट परत ये. भुयारातला एक तरुण जपानी सैनिक नंतर म्हणतो की हे तर माझ्या आईचंच पत्र वाटलं. एका अमेरिकन दिग्दर्शकाने अमेरिकन आईचे शब्द जपानी भाषेत जपानी सैनिकाच्या कानी घातले आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकाने ते खालच्या इंग्रजी उपशीर्षकांत वाचले. स्वतःच्या आईचं पत्र समजून घ्यायला त्या प्रेक्षकाला शत्रूच्या भाषेतून यावं लागलं.

'लेटर्स' अमेरिकेत माफकच चालला. जपानमध्ये लोकांनी त्याला गर्दी केली, आणि तिथली त्याची कमाई अमेरिकेतल्या कमाईच्या जवळजवळ तिप्पट झाली.